मुद्देमाल क्रमांक सात

जुन्या कचेरीच्या दप्तरात मी नकला उतरवतो.
मोबदला पानामागे मिळतो, समजण्याचा वेगळा नाही.
सन एकोणीसशे तीस, मे महिना, खाजणवाडीचं मिठागर,
आणि जप्त वस्तूंची यादी:
घमेली चार. फावडे एक.
मीठ, ओले, अंदाजे दोन पायली.
मुद्देमाल क्रमांक सात: कापड एक, तीन रंगांचे, काठीसह.
मध्यभागी चाकासारखी आकृती. अर्थ लागत नाही.

बाकीचं जबान्यांमधून जुळवावं लागतं.

कापड जुन्या शिडाचं होतं, दोन ठिगळांचं.
दाऊद सारंगाने त्याच्या कडा दाभणाने दुमडल्या,
शिडाला घालतात त्याच टाक्यांनी,
कारण दुसरे त्याला येत नव्हते.
पांढरा पट्टा आयता मिळाला.
तांबड्यासाठी आवडू तांडेलणीने
जाळी रंगवायच्या हंड्यात ऐनाची साल उकळून
खालचा भाग रात्रभर बुडवून ठेवला.
हिरवा काही मिळेना.
मग मचव्याच्या नाळेला लावून उरलेला तेलरंग
धाकू गिरपाने हाताने फासला.
तो वाळून फळीसारखा झाला.
वारा सुटला की वरचा पांढरा उडायचा,
खालचा तांबडा उडायचा,
मधला हिरवा जागचा हलायचा नाही.

चरखा कुणी पाहिला नव्हता.
इथे कापूस होत नाही.
शहरातून आलेल्या विद्यार्थ्याने हवेत बोट फिरवून दाखवलं,
एक चाक असतं, त्याला दोरी, ते फिरत राहतं.
"मगे ता आमका ठावक आसा," धाकू म्हणाला,
आणि बिब्ब्याच्या तेलाने
माडांच्या बागेतला रहाट काढला.
नऊ गाडगी, त्यातलं एक फुटकं,
कारण बागेतलं एक फुटकं होतं.

वेंगुर्ल्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे पेच पडला.
मनाई चरख्याच्या निशाणाला आहे.
रहाटाला आहे काय?
सरकारी वकील म्हणाले, हेतू तोच.
बचावाला वकील नव्हता.
धाकूला विचारलं, ह्या रंगांचा अर्थ सांग.
कारकुनाने ते शुद्ध करून लिहिलेलं नाही, त्याचे उपकार:
"हिरवो होडयेचो, तांबडो जाळ्याचो.
पांढऱ्याक कोणी रंग लावक नाय."
दाऊद सारंग म्हणाला,
मी टाके घातले, अर्थ घातला नाही.
आवडूला कुणी साक्षीला बोलावलं नाही.
तिचा हंडा मात्र आहे, मुद्देमाल क्रमांक आठ.

तीन महिने सक्तमजुरी.
नारळी पुनवेच्या आधी माणसं सुटली, हंडा सुटला नाही.
त्या हंगामात त्यांनी जाळी कशात रंगवली,
ह्याची नोंद कुठल्याच सरकारकडे नाही.

फाईल इथे संपायला हवी होती.
पण मागे नाझराची चिठ्ठी टाचलेली आहे, जुलैची:
"सदर कापडास पाणी सुटते.
शेगडीवर शेकून ठेवले तरी पुन्हा सुटते.
शेजारील सारावसुलीचे कागद भिजून शाई पसरली आहे.
काय करावे, हुकूम व्हावा."
(लाठ्या बसल्या त्या सकाळी
काठी हातातून सुटून निशाण मिठाच्या वाफ्यात पडलं होतं.
दुपारपर्यंत तसंच पडून होतं.
हे पंचनाम्यात आहे. नाझराने पंचनामा वाचला नसावा.)
पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार.
त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अक्षर बदललं, नाझर बदलला,
तक्रार तीच.
हुकूम आल्याचं दिसत नाही.

मी ते पान उलटलं,
दुसऱ्या पानासाठी सवयीने बोट जिभेला लावलं.
खारट लागलं.
माझाच घाम असेल.
खोलीत पंखा नाही, बाहेर आभाळ आलेलं,
आणि नक्कल अजून अर्धी व्हायची आहे.